गाईच्या माजाचें मूळ

गाय विऊन तीन-चार महिने लोटले आणि ती माजावर आली नाहीं, कीं धनी गर्भाशयास दोष देतो. पुष्कळ वेळां गर्भाशय निर्दोष असतें. अडचण डोक्यांत असते.

मेंदूच्या तळाशीं हाडाच्या खळग्यांत पोषग्रंथि नांवाची लहानशी गांठ आहे. तिच्यांतून रक्तांत मिसळणारे दोन रस अंडाशयावर हुकमत चालवितात. पहिल्या, म्हणजे पुटकप्रेरक रसानें स्त्रीबीजाचें पुटक वाढीस लागतें. वाढतें पुटक स्वतः इस्ट्रोजेन सोडतें. त्यामुळेंच गाय हंबरते, दुसरीवर चढते, सोट टाकते. इस्ट्रोजेन पुरेसें वाढलें म्हणजे पोषग्रंथि दुसऱ्या रसाचा एकाएकीं लोट सोडते, आणि त्यानंतर सुमारें 24 ते 30 तासांनीं पुटक फुटून बीज सुटतें. हा लोट माजाच्या आरंभींच येतो, म्हणून बीज सुटतें तें माज ओसरल्यावर. सकाळीं माज दिसल्यास संध्याकाळीं, संध्याकाळीं दिसल्यास दुसऱ्या सकाळीं रेतन करवावें, हा नियम याच हिशेबावर बसविलेला आहे.

फुटलेल्या पुटकाच्या जागीं पीतपिंड तयार होतो. त्याचें प्रोजेस्टेरॉन पोषग्रंथीस लगाम घालतें. गर्भ राहिला नसेल तर सोळाव्या-सतराव्या दिवसाच्या सुमारास गर्भाशयच प्रोस्टाग्लँडिन पाठवून पीतपिंड विरघळवितें, आणि एकविसाव्या दिवसाच्या आसपास गाय उलटते. गर्भ असल्यास तो ही आज्ञाच रोखून धरतो.

पोषग्रंथीवरहि धनी आहे. तिला मेंदूंतून येणारा संकेत गिलेमिन व शॅली यांनीं अनुक्रमें मेंढ्यांच्या व डुकरांच्या मेंदूंतून वेगळा काढला. 1977 सालीं त्यांस नोबेल पारितोषिक मिळालें. आपणांस महत्त्वाचें हें कीं, दूध भरपूर आणि खुराक अपुरा अशी स्थिति झाली म्हणजे हा संकेतच मंदावतो. वासरूं सारखें पीत राहिल्यानेंहि तसेंच होतें. अशा गाईस सुई टोंचविण्यापूर्वीं तिच्या गव्हाणींत काय पडतें तें पाहावें. म्हशीची गोष्ट थोडी निराळी. उन्हाळ्यांत तिचा माज बहुधा मुका असतो, व तो रात्रीं किंवा पहांटे पाहिल्यावांचून सांपडत नाहीं.

पीतपिंड विरघळविणारें औषध आतां टोंचून देतां येतें. पण गाभण गाईस तें दिलें तर गर्भ पडतो. पशुवैद्याकडून गर्भतपासणी झाल्याखेरीज तें देऊं देऊं नये. शेजारच्या दावणीला लागू पडलें, हें कारण पुरेसें नाहीं.