नफ्सची वकिली



अल्लाहने माणसाला बुद्धी दिली ती बरे-वाईट पारखण्यासाठी. परंतु नफ्सने तिच्या हाती केव्हाच वकीलपत्र ठेवले आहे. आधी आपण मनास येईल ते करतो आणि मग त्याची कारणे शोधण्यास बुद्धीला पाठवितो. ती बिचारी कधीही रिकाम्या हाताने परतत नाही!

ही वकिली फार जुनी आहे. इब्लीसने सजदा नाकारला तेव्हा त्याचा युक्तिवाद तयार होता: मी अग्नीपासून, आदम मातीपासून. चूक हजरत आदम (अ.) यांच्याकडूनही घडली, पण त्यांनी सबब सांगितली नाही, अपराध कबूल करून क्षमा मागितली. एकाला सबबीने बुडविले, दुसऱ्याला कबुलीने तारले.

एकदा प्रेषित मुहम्मद (स.) यांनी बाजारात धान्याच्या राशीत हात घातला. वर कोरडे, आत ओले! विक्रेता म्हणाला, पाऊस लागला. प्रेषितांनी विचारले, मग लोकांना दिसेल असे ते वर का ठेवले नाहीस? आणि बजाविले की, फसविणाऱ्याचा माझ्याशी संबंध नाही. इथे विचार करा. पावसाची सबब खोटी नव्हती असे मानले, तरी पाऊस आभाळातून पडला होता; ओले धान्य मात्र आपण होऊन खाली गेले नव्हते.

आपल्या कोल्हापूरचेच पाहा. राजर्षी शाहू महाराजांनी १८९५ मध्ये वसविलेल्या शाहूपुरीच्या पेठेने कोल्हापुरी गुळाचे नाव दूरवर नेले. रसायनाविना केलेला गूळ बहुधा तांबूस-तपकिरी असतो; गिऱ्हाइकाला मात्र पिवळाधमक हवा. मग एखादा रसायनाने रंग उजळवितो, एखादा साखर मिसळतो. त्याला विचारा, तर 'गिऱ्हाईकच मागते.' गिऱ्हाइकाला विचारा, तर 'बाजारात मिळतोच असा.' दोन्ही उत्तरे खरी आणि गूळ तेवढा खोटा!

घेताना पुरेपूर माप घेणाऱ्या आणि देताना घट करणाऱ्यांचा सूरह मुतफ्फिफीनमध्ये धिक्कार आहे. हे माप केवळ धान्याचे नसते. आपल्याला उशीर झाला तर दोष दसरा चौकातील गर्दीचा. दुसऱ्याला झाला तर त्याच्या वळणाचा. लेकीने तोंडावर सुनावले तर ती स्पष्टवक्ती. सुनेने सुनावले तर उद्धट. तराजू एकच, वजने मात्र दोन.

मग यातून सुटका कशी? नफ्सचे आणखी एक रूप आहे, 'लव्वामा'. म्हणजे स्वतःलाच दोष देणारे मन. सूरह कियामहच्या प्रारंभी अल्लाहने त्याची शपथ घेतली आहे आणि पुढे त्याच सूरहमध्ये फर्माविले आहे की, माणूस कितीही सबबी पुढे करो, तो स्वतःला पुरता ओळखून असतो. म्हणजे वकील हुशार असला, तरी साक्षीदार घरातच बसला आहे!

म्हणून इशाच्या नमाजनंतर घटकाभर स्वतःचा हिशेब घ्यावा. दिवसभरात सांगितलेली एखादी सबब आठवावी आणि विचारावे, हीच सबब दुसऱ्याने सांगितली असती, तर मी ती मान्य केली असती काय? उत्तर 'नाही' असेल, तर ज्याची फसवणूक केली त्याचा हक्क परत करावा आणि तौबा करावी.

अल्लाह आपल्या बुद्धीला नफ्सच्या चाकरीतून सोडवो आणि सत्याच्या सेवेस लावो. आमीन.