विंडोजवाचून फर्मवेअरचे नूतनीकरण

लॅपटॉपची कळ दाबताच प्रथम जागी होते ती लिनक्स वा विंडोज ही कार्यप्रणाली नव्हे. मुख्य फलकावरील एका लहानशा चिपेत काही आज्ञावली साठविलेली असते. यंत्राच्या निरनिराळ्या भागांस कार्यास सिद्ध करून ती पुढील कारभार कार्यप्रणालीच्या हाती सोपविते. हिलाच फर्मवेअर म्हणतात. ही चिप विजेच्या साहाय्याने पुसून पुन्हा लिहिता येते.

ती पुन्हा लिहावी तरी कशासाठी? २०२३ मध्ये उघडकीस आलेला 'लोगोफेल' हा दोष पाहा. आरंभी पडद्यावर झळकणारे उत्पादकाचे बोधचिन्ह वाचणाऱ्या भागातच तो दडलेला होता. मुद्दाम बिघडविलेल्या चित्राच्या द्वारे कार्यप्रणाली जागी होण्यापूर्वीच यंत्राचा ताबा घेता येई. कार्यप्रणाली बदलून अशा दोषाचे निवारण होत नाही.

पूर्वी सुधारित फर्मवेअर बहुधा विंडोजवर चालणाऱ्या स्वरूपातच मिळे. लिनक्स वापरणारास एवढ्याचसाठी विंडोज बाळगणे भाग पडे, आणि पुष्कळजण कंटाळून नूतनीकरणच टाळीत. २०१५ मध्ये रिचर्ड ह्यूज यांनी 'एफडब्ल्यूयूपीडी' ही आज्ञावली व तिला जोडलेले 'लिनक्स व्हेंडर फर्मवेअर सर्व्हिस' हे भांडार सुरू केले. उत्पादकांनी आपले फर्मवेअर येथे ठेवावे, अशी ही योजना होय. डेल प्रारंभीच तीत आले. लेनोवो २०१८ मध्ये आले.

लिनक्स स्वतः चिपेवर काहीच लिहीत नाही, ही यातील खरी मौज. फर्मवेअरचे बंद पाकीट, ज्यास 'कॅप्सूल' म्हणतात, ते उतरवून घेऊन तबकडीच्या ईएफआय विभागात ठेवावयाचे व यंत्र पुन्हा सुरू करावयाचे, इतकेच टपालवाल्याचे काम त्याच्याकडे असते. पाकिटावरील उत्पादकाची अंकीय स्वाक्षरी तपासून लेखन करते ते जुने फर्मवेअरच. विंडोजची गरज उरत नाही ती यामुळेच.

लेखन चालू असता वीज खंडित झाल्यास यंत्र पुन्हा सुरू न होण्याचा धोका असतो. म्हणून बॅटरी भरलेली असली तरी चार्जर जोडलेला ठेवावा आणि पडदा काळा राहिला म्हणून घाईने कळ दाबू नये. तबकडी कूटबद्ध असून तिचे कुलूप टीपीएम चिपेशी बांधलेले असेल, तर नूतनीकरणानंतर यंत्र पुनःप्राप्तीची किल्ली मागू शकते. ती आधीच कागदावर उतरवून ठेवावी.

भांडारात नसलेल्या काही यंत्रांच्या सेटअपमध्येच यूएसबीवरून फर्मवेअर वाचण्याची सोय असते. काही उत्पादक स्वतंत्रपणे सुरू होणारी सीडी-प्रतिमा पुरवितात.