पाहुणा काय खात नाही?

मुक्ताला मुंबईत फोर्टमधल्या एका कंपनीत नोकरी लागली आणि बाहेरगावच्या पाहुण्यांना दुपारी जेवायला नेण्याचं काम तिच्या गळ्यात पडलं. तिच्या मामाची सारी नोकरी बॅलार्ड इस्टेटमधल्या शिपिंगच्या कचेरीत झाली. साहेबांसाठी टेबल सांगून ठेवायचं काम त्याच्याकडेच असे.

मुक्ता : मामा, गुरुवारी दोन पाहुणे येताहेत. एक अहमदाबादचे, एक कोचीचे. फोर्टातलं सगळ्यात चांगलं हॉटेल सांग.

मामा : आधी तू सांग, ते काय खात नाहीत?

मुक्ता : काय आवडतं ते विचारायचं ना?

मामा : आवडीचं नसलं तर माणूस दुसरं मागवतो. वर्ज्य असलेलं समोर आलं, तर 'चालेल, चालेल' म्हणत सॅलड चिवडत बसतो. अहमदाबादचे जैन असले तर कांदा, लसूण, बटाटा बाद. काहींना तेवढ्यानं भागत नाही. जिथे मटण शिजतं तिथलं काहीच नको असतं. आपल्याकडे वार असतात, संकष्टी असते, श्रावण असतो. म्हणून मेन्यूकार्डाच्या आधी कालनिर्णय बघायचं.

मुक्ता : पण असं थेट विचारलेलं बरं दिसतं का?

मामा : न दिसायला काय झालं? 'शाकाहारी जागा बघू की मासे चालतील? उपवास वगैरे नाही ना?' एवढा निरोप आदल्या दिवशी धाडायचा.

मुक्ता : समजा, मासे चालतात म्हणाले. मग?

मामा : मग फोर्टासारखी जागा नाही. मंगळुरी पद्धतीचं हवं तर महेश लंच होम आहे, अपूर्वा आहे. काळाघोड्याला तृष्णा आहे, तिथला बटर-गार्लिक खेकडा परदेशी पाहुण्यांनाही ऐकून माहीत असतो. पण कागद पुढे करायचे असतील त्या दिवशी खेकडा मागवू नकोस. दोन्ही हात बरबटलेला माणूस करार कसा वाचणार? आणि जून-जुलैत राज्यात यांत्रिक नौकांना मासेमारीची बंदी असते. त्या दिवसांत मासा कुठला आणि कधीचा, हे विचारून मगच सांगायचं.

मुक्ता : ब्रिटानियाचं सगळेच सांगतात.

मामा : सांगणारच. १९२३ पासून चाललंय. इराणी झेरेश्क घातलेला बेरी पुलाव एकाच ताटात येतो, चमच्यानं खाता येतो. पाहुण्याला मुंबई दाखवायची असेल तर जरूर ने. पण गर्दीच्या वेळी रांगेत उभं राहावं लागतं, आणि बाहेर माणसं ताटकळत असली की आत बसलेल्याला निवांत बोलता येत नाही. ती जागा ओळख वाढवायला. पैशाचं बोलणं असेल तर नको.

मुक्ता : मग पैशाचं बोलणं कुठे?

मामा : टेबलांमध्ये अंतर असेल तिथे. काळाघोड्याचं खैबर १९५८ चं. भिंतींवर हुसेन आणि अंजोली इला मेनन यांची चित्रं आहेत, म्हणजे सुरुवातीची अवघडलेली पाच मिनिटं त्यांवर निघून जातात. टेबल सांगताना कोपऱ्यातलं माग; स्वयंपाकघराच्या दारालगतचं आणि स्पीकरखालचं नको म्हणून स्पष्ट सांग. आणि खरी गंमत वेळेत आहे. ऑर्डर दिल्यापासून जेवण येईपर्यंत पंधरा-वीस मिनिटं मिळतात. कामाचं बोलणं तेवढ्यात काढायचं. ताटं आली की माणूस जेवणात जातो.

मुक्ता : थाळीच्या हॉटेलात तर ही वीस मिनिटं मिळणारच नाहीत!

मामा : बरोबर ओळखलंस. काळाघोड्याचं चेतना, चर्चगेटचं सम्राट. बसलं की वाढायला सुरुवात. कुणी काय मागवायचं, महागाचं मागवू की नको, हा संकोच नाही. सगळ्यांना एकच भाव. पण तुम्ही आकड्यावर आलात की नेमका वाढपी फरसाण घेऊन उभा. घाईच्या दिवशी थाळीसारखं सोयीचं काही नाही, घासाघीस करायला मात्र ती कामाची नाही.

मुक्ता : टेबल एक वाजताचंच सांगायचं ना?

मामा : पावणेएकचं सांग. एकला सगळ्या कचेऱ्या सुटतात. कोर्टातला माणूस असेल तर त्याच्या मधल्या सुट्टीवर वेळ ठरते. शेअर बाजारातला असेल तर त्याला जेवायला बोलावूच नकोस. बाजार सव्वानऊ ते साडेतीन; तोवर त्याचं लक्ष फोनमध्ये. साडेतीनला तो मोकळा होतो, तर बरीच स्वयंपाकघरं बंद झालेली असतात. त्याला चहाला बोलवावं. बीकेसीतून येणाऱ्याला गाडी आणू नका म्हणावं. भुयारी मेट्रोनं हुतात्मा चौकात उतरला की काळाघोडा चालत पाच-सात मिनिटांवर.

मुक्ता : आणि बिल? मागच्या वेळी दोघंही पाकिटं काढून बसले होते.

मामा : ज्यानं बोलावलं त्यानं द्यायचं, आणि देताना दिसायचं नाही. हात धुवायला म्हणून उठावं आणि काउंटरवर कार्ड देऊन यावं. कंपनीच्या नावाचं बिल आधीच सांगून ठेव. जीएसटी साधारणपणे पाच टक्के. सेवाशुल्क मात्र सक्तीचं नाही. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं २०२२ मध्ये तसं बजावलं, आणि मार्च २०२५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयानं ते उचलून धरलं. काढून मागायचं तर तेही काउंटरवरच. पाहुण्यासमोर हुज्जत घालायची नाही.

मुक्ता : आलाय बघ निरोप. अहमदाबादचे जैन आहेत, शुद्ध शाकाहारीच जागा हवी म्हणतात. कोचीच्यांना मासे हवेत. आणि कराराचं बोलणं त्याच दिवशी व्हायचंय.

मामा : मग बोलणं साडेअकराला कचेरीत उरकून घ्या आणि नंतर चेतनात फक्त जेवा. जैन ताट लागेल, हे टेबल सांगतानाच कळव.

मुक्ता : आणि कोचीच्या पाहुण्यांचे मासे?

मामा : त्यांचं परतीचं विमान किती वाजता आहे, ते आजच विचारून ठेव.