गॅस लायटरची ठिणगी येते कुठून?

प्रश्न : स्वयंपाकघरातल्या गॅस लायटरमध्ये सेल नसतो, तरी तो वर्षानुवर्षे ठिणगी देतो. ही वीज येते कुठून? आतला खडा कधी संपतो का?

उत्तर : खडा संपत नाही, कारण त्यात काही साठवलेलेच नसते. ऊर्जा तुमच्या अंगठ्याची. बटण दाबत नेले की स्प्रिंग आवळली जाते, शेवटी सुटते आणि छोटासा हातोडा खट्‌कन सिरॅमिकच्या कांडीवर आदळतो. बोटाच्या पेराहून लहान असलेल्या त्या कांडीच्या दोन टोकांत क्षणभर काही हजार व्होल्ट तयार होतात. तीच ठिणगी. लायटर रुसतो तो बहुधा स्प्रिंग गेल्यामुळे, नाहीतर टोकाशी ओल किंवा तेलकट काजळी बसल्यामुळे.

दाबल्यावर वीज देण्याचा हा गुण, म्हणजे पिझोइलेक्ट्रिसिटी, जाक आणि पिएर क्यूरी या भावांनी १८८० मध्ये क्वार्ट्झसारख्या स्फटिकांत दाखवला. सिरॅमिकची गोष्ट मात्र वेगळी, आणि माझ्या मते जास्त रंजक. त्यात असंख्य सूक्ष्म स्फटिक वाटेल त्या दिशेला तोंड करून बसलेले असतात. एकाची वीज दुसरा खोडून काढतो. भट्टीतून नुकत्याच काढलेल्या कांडीवर कितीही हातोडे मारा, ठिणगी पडायची नाही! म्हणून ती तेलात तापवून मिलिमीटरमागे दोन-तीन हजार व्होल्ट लावतात आणि हा विद्युतदाब न काढताच थंड करतात. आतल्या विद्युत दिशा बऱ्याच अंशी एकीकडे वळतात आणि तशाच राहतात. याला पोलिंग म्हणतात.

दिशा अशी वळवता येणारे पदार्थ म्हणजे फेरोइलेक्ट्रिक. जोसेफ व्हॅलसेक यांना हा गुण १९२० मध्ये रोशेल क्षारात सापडला. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात बेरियम टायटॅनेट आले, पण सुमारे १२० अंश सेल्सिअसला त्याची दिशा पुसली जाते. मग १९५० च्या दशकात पीझेडटी, म्हणजे लेड झिर्कोनेट टायटॅनेट, पुढे आले. त्यात झिर्कोनियम ५२ आणि टायटॅनियम ४८ या प्रमाणाच्या आसपास दोन स्फटिकरचना तुल्यबळ असतात. त्यामुळे दिशा सहज वळते आणि वीजही भरपूर मिळते. सोनार आणि सोनोग्राफीचे प्रोब बहुधा याच सिरॅमिकवर चालतात. पुण्यात पाषाणच्या एआरडीई या संरक्षण प्रयोगशाळेत पीझेडटीचे स्वतंत्र केंद्र आहे.

अडचण शिशाची. पीझेडटीच्या वजनात साठ टक्क्यांहून अधिक शिसेच असते. २००४ मध्ये टोयोटाच्या संशोधन केंद्रातल्या शास्त्रज्ञांनी पोटॅशियम-सोडियम नायोबेटचे बिनशिशाचे सिरॅमिक पीझेडटीच्या तोडीचे करून दाखवले. पण भाजताना पोटॅशियम आणि सोडियम उडून जातात, त्यामुळे प्रत्येक घाण्याला तोच दर्जा राखणे जिकिरीचे. युरोपात २००६ पासून विजेच्या उपकरणांत शिशावर बंदी आली, तेव्हा पीझेडटीसारख्या सिरॅमिकला सूट द्यावी लागली. लायटरमधली कांडीही बहुधा पीझेडटीचीच असते; म्हणून लायटर मोडला तर ती फोडू नका आणि मुलांच्या हाती खेळायला देऊ नका.