मन उदास असताना ताटात काय बदलावे आणि कोणत्या क्रमाने

जखमेभोवती येणारी सूज, म्हणजेच दाह, हा शरीराचा बचाव असतो. जखम भरली की ती ओसरते. पण पोटावरची चरबी, अपुरी झोप, तंबाखू, सततचा ताण आणि साखर-मैदा-तळणाचा आहार यांमुळे तोच दाह सौम्य रूपात वर्षानुवर्षे टिकू शकतो. अशा वेळी रक्तात सायटोकाइन नावाची संदेशवाहक प्रथिने वाढतात. त्यांचा परिणाम मेंदूवरही होतो: थकवा येतो, कशातच रस वाटत नाही. पूर्वी हिपॅटायटिस-सीवर इंटरफेरॉनची इंजेक्शने देत. इंटरफेरॉन हे एक सायटोकाइनच, आणि त्या उपचारादरम्यान अनेक रुग्णांना नैराश्य येत असे.

२०१७ मध्ये ऑस्ट्रेलियात नैराश्याच्या ६७ रुग्णांवरचा आहाराचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. १२ आठवडे आहारतज्ज्ञाचे मार्गदर्शन मिळालेल्या गटात सुमारे एक तृतीयांश जणांची लक्षणे जवळजवळ नाहीशी झाली. नुसती गप्पांची सोबत मिळालेल्या गटात हे प्रमाण ८ टक्के होते. अभ्यास लहान होता आणि बऱ्याच जणांचे इतर उपचारही चालू होते. म्हणून आहार हा उपचारांच्या जोडीला घ्यायचा, त्यांच्या जागी नाही.

१. आधी तपासणी. डॉक्टरांच्या सल्ल्याने बी-१२, हिमोग्लोबिन, थायरॉइड आणि रक्तातील साखर तपासून घ्यावी. शाकाहारी घरांत बी-१२ची कमतरता फार आढळते. थकवा, विसरभोळेपणा, उदासी, हातापायांना मुंग्या ही तिची लक्षणे नैराश्यासारखीच भासतात, आणि ही कमतरता भाजी-भाकरीने भरून निघत नाही. दाह मोजणारी सीआरपी चाचणी डॉक्टरांनी सुचवली तरच करावी, तीही सर्दी-ताप किंवा दाढेची सूज नसताना. ती नॉर्मल आली म्हणून आपला त्रास खोटा ठरत नाही. नैराश्याच्या प्रत्येक रुग्णात दाह वाढलेला नसतो. चालू गोळ्या स्वतःहून बंद करू नयेत. जीव नकोसा वाटत असेल, तर आहाराच्या बदलाची वाट न पाहता १४४१६ या टेलि-मानसच्या मोफत क्रमांकावर लगेच फोन करावा.

२. आठवडाभर वहीत फक्त नोंद. काय खाल्ले, केव्हा, झोप कशी लागली, मन कसे होते. कॅलरी मोजण्याची गरज नाही. झोप आणि मनाची नोंद पुढेही चालू ठेवावी.

३. मग दिवसातली एकच वेळ. बहुतेकांच्या वहीत दुपारच्या चहाची वेळ उठून दिसते: खारी, बिस्किटे, फरसाण. चहा सोडू नये. साखर निम्मी करावी आणि सोबत फुटाणे, भाजलेले शेंगदाणे किंवा एखादे फळ घ्यावे. हे अंगवळणी पडेपर्यंत दुसरे काही बदलू नये.

४. त्यानंतर भर घालणे. आतड्यातले उपकारक जिवाणू तंतुमय पदार्थांपासून ब्युटिरेटसारखी आम्ले तयार करतात. ती आतड्याचे अस्तर सांभाळतात आणि दाह आवरायला मदत करतात. ज्वारी-बाजरीची भाकरी, मोडाची कडधान्ये, पालेभाज्या हा त्या जिवाणूंचा खुराक. भाज्या-फळे मिळून रोज किमान ४०० ग्रॅम पोटात जावीत, पण प्रमाण हळूहळू वाढवावे, नाहीतर पोट फुगते.

मासे खाणाऱ्यांनी आठवड्यातून दोनदा बांगडा किंवा तारली घ्यावी, तळून नको, कालवणात. त्यातील ओमेगा-३ स्निग्धाम्ले दाह कमी करतात. शाकाहारी घरांत जवसाची चटणी आहेच. अख्खे जवस बरेचसे न पचताच बाहेर पडतात, म्हणून मंद भाजून, कुटून, लसूण-तिखट घालून आठवड्यापुरतीच करावी. जास्त दिवस राहिली की खवट होते. जवसातल्या ओमेगा-३चे माशातल्या प्रकारात रूपांतर शरीरात फार थोडे होते, तरीही ही चटणी रोज चमचाभर ताटात असावी. हळद फोडणीतली पुरे. रक्त पातळ करण्याचे औषध चालू असेल, तर हळदीच्या गोळ्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नयेत.

५. वाईट दिवसांची तरतूद. मला ही पायरी सर्वांत महत्त्वाची वाटते. मन खचलेले असताना गॅससमोर उभे राहणेही जमत नाही, आणि नेमके तेव्हाच वडापाव किंवा बिस्किटाचा पुडा जवळचा वाटतो. म्हणून बऱ्या दिवशीच सोय करून ठेवावी. मटकी सकाळी भिजवून रात्री निथळावी, ओल्या फडक्यात बांधावी. दुसऱ्या दिवशी मोड येतात आणि फ्रिजमध्ये ती दोन-तीन दिवस टिकते. जोडीला दही, केळी, उकडलेली अंडी. घरच्यांनाही एक सांगून ठेवावे: अशा दिवशी ‘काय खाणार?’ असे विचारण्यापेक्षा ताट वाढून समोर ठेवावे. निर्णय घेणे हेच त्या वेळी सर्वांत जड जाते. आणि त्या दिवशी वडापाव खाल्लाच, तर बोल लावू नये.

६. बारा आठवड्यांनी वही घेऊन डॉक्टरांकडे. झोप आणि मनाच्या नोंदी सुरुवातीच्या आठवड्याशी ताडून दाखवाव्यात. सुधारणा दिसत असली, तरी औषधाचा डोस कमी करायचा की नाही, हे त्यांनाच ठरवू द्यावे.