दुकान थांबू नये म्हणून : मालक व गुमास्त्यांसाठी एक धडा

व्यापारी बांधवांनो, मोठ्या कंपन्यांत बिझनेस कंटिन्युइटी मॅनेजमेंट नावाची पद्धत चालते. संकट आले तरी कारभार थांबू नये, थांबलाच तर ठरलेल्या दिवसांत पुन्हा सुरू व्हावा, यासाठी आधीच केलेली तयारी म्हणजे ही पद्धत. तिच्यासाठी 2012 पासून आयएसओ 22301 हे आंतरराष्ट्रीय मानकही आहे. परभणीच्या दुकानदाराला हे परके वाटेल, पण विषय आपल्याच रोजीरोटीचा आहे.

सप्टेंबर 1994 मध्ये सुरतेत प्लेग पसरला आणि लाखो माणसे शहर सोडून गेली. ऑगस्ट 2006 मध्ये तापीच्या पुराने त्याच शहराचा मोठा भाग बुडाला. 2020 चा संपूर्ण रमजान टाळेबंदीत गेला, 2021 ची ईदही निर्बंधांत आली. कापडवाल्याचा भरवशाचा हंगाम सलग दोन वर्षे हातचा गेला.

कारणे निरनिराळी असतात, पण दुकानावर परिणाम चारच होतात. माल येत नाही, जागा वापरता येत नाही, माणूस हजर नसतो किंवा हिशेब सापडत नाही. म्हणून तयारी या चार गोष्टींची करावी.

1. माल : सगळी खरेदी एकाच पेठेतून नको. सुरतेबरोबर भिवंडी, मालेगाव, इचलकरंजी येथेही ओळख ठेवावी.

2. जागा : गाठी जमिनीवर न ठेवता फळ्यांवर ठेवाव्यात. थोडा माल दुसरीकडे ठेवावा. विमा घेणाऱ्याने रक्कम पूर्ण मालाची धरावी. वीस लाखांच्या मालाचा दहा लाखांचाच विमा असेल, तर चार लाखांच्या नुकसानीत सर्वसाधारणपणे दोनच लाख पदरी पडतात. विम्याच्या शरई बाजूबद्दल आपल्या उलमांना विचारावे.

3. माणूस : प्रत्येक काम किमान दोघांना यावे.

4. हिशेब : उधारी मालकाच्या डोक्यात नको, वहीत हवी. कर्ज लिहून ठेवण्याची ताकीद सूरह बकराच्या 282 व्या आयतीत आहेच. वहीची नक्कल घरीही असावी.

हे मालकाने एकट्याने ठरवून भागत नाही. गुमास्त्यांना सोबत बसवावे. दुकान किती दिवस बंद राहिले तर पगार व व्यापाऱ्यांची देणी अडतील, हे मोकळेपणाने सांगावे. किल्ली कोणाकडे, गिऱ्हाइकांना फोन कोण करील, वसुली कोण पाहील, हे नावानिशी लिहून द्यावे. गुमास्त्याला कल्पना नसेल तर तो ऐन वेळी आदेशाची वाट पाहत बसतो.

मग परीक्षा घ्यावी. मालकाने एक दिवस फोन बंद ठेवून घरी राहावे आणि काय अडले ते संध्याकाळी लिहावे. हजला जाणारा सुमारे चाळीस दिवस बाहेर असतो. तेवढे दिवस दुकान सुरळीत चालले, तर तयारी पक्की समजावी.

काही जण म्हणतात, हे तवक्कलच्या विरुद्ध आहे. आम्हाला तसे वाटत नाही. हजरत यूसुफ अलैहिस्सलाम यांनी सुकाळाच्या सात वर्षांत धान्य साठवायला लावले, म्हणून दुष्काळाची सात वर्षे निभावली. आपल्या दुकानावर गुमास्त्यांचीही घरे चालतात. ती अमानत समजून या महिन्यातच ही चार कलमे कागदावर उतरवावीत.