पंखांनी गाणारा पक्षी

'व्हायब्रेशन्स' म्हटलं की आपल्या होस्टेलमध्ये बऱ्याच जणांच्या पोटात गोळा येतो. पण दूर इक्वेडोरच्या जंगलातला एक पक्षी हा विषय गाइडपेक्षा बरा शिकवतो, म्हणून हा लेख. (कॉन्व्हेंटवाली आहे, मराठीत इंग्रजीची मिसळ होईल, सांभाळून घ्या.)

मॅनाकिन हे मध्य आणि दक्षिण अमेरिकेच्या उष्ण जंगलांतलं कुटुंब. पन्नासहून जास्त जाती, बहुतेक चिमणीहून लहान. आपल्याकडे एकही नाही. नर लाल, निळे, पिवळे. माद्या साध्या हिरवट. घरटं, अंडी, पिल्लं सगळं मादी एकटी बघते. नराने फक्त ठरलेल्या जागी नाचून दाखवायचं, आणि निवड करणार ती! लांब शेपटीच्या मॅनाकिनमध्ये तर दोन नर जोडीने नाचतात. मादी पसंत करते ती सीनियरला. ज्युनियर वर्षानुवर्षं नुसती साथ देत राहतो. (सबमिशनच्या दिवसांत ज्युनियर्सना हे पटेल.)

पण खरा इंजिनिअर आहे क्लब-विंग्ड मॅनाकिन. राहतो कोलंबिया आणि इक्वेडोरमध्ये, अँडीजच्या पश्चिम उतारावर. तो 'टिक टिक टिंग' असा आवाज काढतो, आणि 'टिंग' तर व्हायोलिनसारखा लांबतो. हा आवाज गळ्यातून येत नाही, पंखांतून येतो. किंबर्ली बॉस्टविक आणि रिचर्ड प्रम यांनी हाय-स्पीड कॅमेऱ्याने शूटिंग करून २००५ साली 'सायन्स'मध्ये हे मांडलं. नर दोन्ही पंख पाठीवर उचलून एकमेकांवर आपटतो, सेकंदाला साधारण १०७ वेळा. म्हणजे ६४२० आरपीएम! बाईकचा टॅकोमीटर आठवा.

पण १०७ हर्ट्झ म्हणजे नुसती घरघर. टिंग तर १५०० हर्ट्झच्या आसपास आहे. मग? एका पिसाच्या जाड दांड्यावर ७ खाचा आहेत आणि शेजारच्या पिसाचं वाकडं टोक त्यांवरून घासतं, जाताना ७ आणि येताना ७. १०७ गुणिले १४ करा, १४९८ येतात. रातकिडा असाच वाजतो, पक्ष्यांत मात्र ही युक्ती विरळाच.

पुढे २०१० मध्ये पिसं लेसरने तपासली, तर त्यांची नॅचरल फ्रीक्वेन्सीही १५०० हर्ट्झच्या जवळपास निघाली. पूल बांधताना जो रेझोनन्स टाळायला आपण शिकतो, तोच हा पठ्ठ्या मुद्दाम साधतो.

आता माझा मुद्दा. 'निसर्ग कमीत कमी मटेरिअल वापरतो' हे वाक्य आपल्याला सारखं ऐकवलं जातं. मला ते अर्धवट वाटतं. उडणाऱ्या पक्ष्याच्या पंखाचं हाड पोकळ असतं, वजन वाचावं म्हणून. या नराच्या कोपरापासून मनगटापर्यंतचं हाड, जिथे ही पिसं रोवलेली असतात, ते जाड आणि भरीव आहे. संशोधकांचा अंदाज असा की वाजणाऱ्या पिसांना पक्कं फाउंडेशन हवं, म्हणून. उडण्याच्या दृष्टीने हे डिझाइन कोणताही एक्झामिनर नापास करेल. इथे मार्क देणारी मादी आहे आणि तिला हवाय सूर.

आणि गंमत म्हणजे, प्रम सांगतात की मादीचंही हे हाड बदललेलं असतं, जरी ती आयुष्यात एकदाही वाजवत नाही. कारण पंखाची हाडं अंड्यातच फार लवकर घडायला लागतात, पिल्लू नर की मादी हे शरीरात ठरण्याच्या आधी.